पुण्याच्या डोंगरात जीवाश्म का सापडत नाहीत?

सई_कर्वेनगर · शनिवार, सकाळी ९:१२

आमच्या सोसायटीच्या प्रवेशद्वाराच्या भिंतीला नवीन दगड लावलाय. फिकट पिवळसर फरश्या आहेत आणि बऱ्याच फरश्यांवर काळ्या रंगात नेच्याच्या पानासारखी नक्षी आहे. वहीत दाबून ठेवलेलं पान असावं तशी. दगडवाल्याने कमिटीला "करोडो वर्षांपूर्वीची झाडं आहेत ही" असं सांगून भाव चढवून घेतला. आता सेक्रेटरी काका येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत असतात.

माझा मुलगा सहावीत आहे. त्याने विचारलं, मग आपल्या वेताळ टेकडीवर असं एकही पान का दिसत नाही? मला काही उत्तर देता येईना.

तर प्रश्न दोन. ही खरंच झाडाची पानं आहेत का? आणि पुण्याच्या आसपास जीवाश्म मिळतात का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

झणझणीत_रस्सा · ९:३०

प्रकाश टाका, पण जपून. सेक्रेटरींच्या कानावर गेलं तर मेंटेनन्समध्ये 'हेरिटेज चार्ज' लागेल.

खडकवासी · ११:०५

सईताई, जवळून काढलेला एखादा फोटो टाकाल का? तोवर अंदाजाने सांगतो. ही पानं नसणार. याला डेंड्राइट म्हणतात. दगडाच्या बारीक भेगेत पाणी झिरपतं, त्यात विरघळलेलं मँगनीज असतं, आणि ते ऑक्साइडच्या रूपात भेगेच्या पृष्ठभागावर साचत साचत फांद्या फुटल्यासारखं वाढत जातं. वनस्पतीचा यात काही संबंध नाही. भले भले फसतात.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि साधं भिंग घेऊन बघा. पान असेल तर मधली शीर सापडेल, दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर पर्णिका असतील, त्यांत शिरांचं जाळं असेल. डेंड्राइटला शीर नसते. त्याच्या फांद्या बहुतेकदा फरशीच्या कडेपासून किंवा एखाद्या भेगेपासून सुरू होतात आणि मनाला येईल तशा फुटतात. शिवाय निसर्गात गळून पडलेली पानं एकमेकांवर आडवीतिडवी पडतात. डेंड्राइटचे झुपके मात्र एकमेकांवरून जात नाहीत, शेजारच्याला चिकटले की थांबतात.

सई_कर्वेनगर · ११:४०

फोटो टाकलाय. शीर नाही दिसत कुठे. आणि हो, सगळे झुपके फरशीच्या कडेकडूनच आत आलेत!

खडकवासी · ११:५२

डेंड्राइटच. पण कमिटीला फार बोलू नका, तज्ज्ञही फसतात. भीमबेटकाच्या शैलाश्रयाच्या छतावर एक ठसा दिसला होता आणि तो डिकिन्सोनिया या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा आहे असं २०२१ मध्ये चांगल्या नियतकालिकात छापून आलं. भारतात पहिल्यांदाच सापडला म्हणून वर्तमानपत्रांतही गाजलं. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने जाऊन पाहिलं तर तो 'जीवाश्म' छतावरून सोलून निघत होता. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा डाग! आधीच्या गटाच्या प्रमुखांनीही ते मान्य केलं. खऱ्या ठशाला दगडात थोडाफार उठाव किंवा खोली असते, तो असा पापुद्र्यासारखा निघत नाही.

ऋग्वेद_बाणेर · दुपारी १:१५

दुसऱ्या प्रश्नाचं काय? वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत मी लहानपणापासून जातोय, चमकणारे स्फटिक पुष्कळ पाहिले, शिंपला मात्र कधी दिसला नाही.

खडकवासी · २:३०

दिसणारही नाही. पुण्याखालचा सगळा दगड लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून हा लाव्हा थरांवर थर पसरत गेला. आज शिल्लक आहे तेवढाच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. सिंहगड, राजगड, तोरणा लांबून पाहिले तर अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात ना? ते हे थर.

जीवाश्म व्हायला मेलेल्या जीवावर लवकर गाळ बसावा लागतो. तळ्याचा तळ, नदीचा पूर, समुद्राचा उथळ किनारा अशा जागी. हजार अंशांच्या आसपास तापलेल्या लाव्हात पान काय, हाडही टिकत नाही. खाणीतले स्फटिक म्हणजे लाव्हातल्या हवेच्या पोकळ्यांत नंतर पाण्यातून तयार झालेली खनिजं, झिओलाइट वगैरे. त्यात वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. तेव्हा आपल्याकडे शिंपले नसले म्हणून दगड अगदीच गरीब नाही.

आता गंमत पुढेच आहे. दोन उद्रेकांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षांची उसंत मिळायची. वरचा लाव्हा कुजून माती व्हायची, पाऊस पडायचा, तळी साठायची, झाडं यायची. मग पुढचा लाव्हा त्यावर येऊन सगळं झाकून टाकायचा. घाटात रस्त्यासाठी कडा कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो, ती त्या उसंतीतली भाजलेली माती. आणि जिथे तळं होतं तिथे पातळसा गाळाचा थर. जीवाश्म सापडतात ते त्या गाळात. पुण्याच्या भागात असे तळ्याचे थर जवळजवळ नाहीतच, मुंबईकडे आणि विदर्भात आहेत.

दादर_टीटी · २:४८

म्हणजे जीवाश्मसुद्धा मुंबईतच. नोंद घ्यावी.

झणझणीत_रस्सा · २:५०

घेतली. मुंबईत अजूनही माणसं थरांमध्ये दाबली जातात, रोज सकाळी ८:४० ला.

खडकवासी · ३:२०

दादरकर म्हणतात ते खरं आहे. वरळी आणि मलबार हिलच्या थरांत एकोणिसाव्या शतकातच चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले होते. अख्खा बेडूक इंचभर-दीड इंचाचा. त्यांचं वर्णन १८४७ मध्ये लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी केलं. 'डायनासोर' हे नाव देणारे ते हेच. त्याच थरांत गोड्या पाण्यातलं कासवही मिळालं. आज जिथे समुद्राकाठी फ्लॅटचे भाव ऐकून घेरी येते तिथे तेव्हा उथळ, गोड्या पाण्याची डबकी होती, हे त्या बेडकांमुळे कळतं. बेडकाला खारं पाणी सोसत नाही.

वऱ्हाडी_ठेचा · सायंकाळी ५:१०

पुणे-मुंबईचं झालं असेल तर आमच्या विदर्भाकडं या जी थोडं. नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात गोळा केले, ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे. पण आमचा खरा माल आहे पिसदुऱ्याला. चंद्रपूर जिल्हा, वरोऱ्याच्या बाजूला. डायनासोरची हाडं तर आहेतच, पण शेतात नांगरताना वर येतात ते डायनासोरच्या शेणाचे गोटे. दगड झालेले. हातात घेतला तर साधा तपकिरी, जड गोटा, वरून पीळ पडल्यासारखा. नवख्या माणसाला बांधावर फेकून द्यावा वाटेल.

२००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गोटे दळून, आम्लात टाकून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गवताच्या पेशींमध्ये वाळूसारख्या सिलिकाचे बारीक कण तयार होतात, गवत कुजलं तरी ते उरतात, आणि जातीप्रमाणे त्यांचा आकार वेगळा असतो. तर या शेणात गवताचे कण निघाले, आणि तेही एकाच नाही, निदान पाच प्रकारच्या गवतांचे! तोवर सगळे धरून चालले होते की गवताचा एवढा पसारा डायनासोर गेल्यावरचा आहे. पुढे २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की त्यात भाताच्या कुळातलं गवतही आहे.

आता बोला, भाताच्या कुळातलं गवत कुणाच्या पोटातून आलं? आमच्या.

ऋग्वेद_बाणेर · ५:३२

हे भारी आहे. पोटात गवत किती होतं पण? म्हणजे गायीसारखे चरत होते का?

वऱ्हाडी_ठेचा · ५:५५

नाही. ताड, सूचिपर्णी आणि इतर झाडपाल्याचे कणही होते. मिळेल ते खाणारा प्राणी दिसतो, नुसता गवतावर जगणारा नाही.

तर्कट · रात्री ८:०५

माफ करा पण हे ६.६ कोटी वगैरे आकडे ऐकले की मला शंका येते. सगळं कार्बन डेटिंगवर ना? आणि कार्बन डेटिंग चुकतं असं मी वाचलंय.

खडकवासी · ८:४०

कार्बन इथे वापरतच नाहीत हो. कार्बन-१४ ची मजल जेमतेम ५० हजार वर्षांपर्यंत. त्याच्या पलीकडे मोजण्याइतका तो उरतच नाही. कोट्यवधी वर्षांसाठी खडकातलं दुसरं घड्याळ लागतं. लाव्हा थिजला की त्यातल्या पोटॅशियमचं हळूहळू अरगॉन होऊ लागतं, आणि राखेतल्या झिरकॉन स्फटिकांत युरेनियमचं शिसं. किती उरलं आणि किती बदललं हे मोजलं की लाव्हा कधी थिजला ते कळतं. गाळातला बेडूक थेट मोजता येत नाही, पण त्याच्या खालचा आणि वरचा लाव्हा मोजता येतो. बेडूक त्या दोघांच्या मधला. म्हणूनच आपला जीवाश्म नसलेला बेसॉल्ट शेजाऱ्यांच्या फार कामाचा आहे.

आणि दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचल्याचं उदाहरण हवं असेल तर हे घ्या. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतंय, म्हणजे पूर्वी दिवस लहान असणार, हे खगोलवाल्यांनी गणिताने काढलं होतं. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या, म्हणजे ३८ कोटी वर्षांच्या आसपासच्या प्रवाळांचे सांगाडे घेतले. प्रवाळ रोज कवचाचा एक सूक्ष्म थर चढवतं आणि वर्षाचा म्हणून मोठा पट्टाही असतो. एका वार्षिक पट्ट्यात थर निघाले सुमारे ४००. वर्ष तेवढंच, पण दिवस ४००, म्हणजे दिवस २२ तासांचा. गणिताशी जुळलं. यात कार्बनही नाही आणि युरेनियमही नाही, फक्त भिंग आणि चिकाटी.

तर्कट · ९:०२

प्रवाळाचं माहीत नव्हतं. वाचतो त्यावर.

सुमन_सदाशिव · रविवार, सकाळी ७:२०

मी वयाने मोठी आहे, टायपिंगला वेळ लागतो. आमच्या देवघरात सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचा शाळिग्राम आहे. तुळशीच्या लग्नात तोच नवरदेव. नातू म्हणतो, आजी हा जीवाश्म आहे. खरं का? आणि असेल तर पूजेला चालतो ना? कुणी हसू नये.

खडकवासी · ८:१०

काकू, हसायचं काय त्यात? नातू बरोबर सांगतोय. नेपाळात मुक्तिनाथाच्या बाजूला काळी गंडकी वाहते, तिच्या पात्रात हे गोटे येतात. वरच्या डोंगरांतल्या काळ्या शेलच्या, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकातून ते निसटतात. आत ॲमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचं वेटोळं कवच असतं. आज असलेल्या नळ-माखलींच्या नात्यातला, पण शंख पाठीवर घेऊन पोहणारा. तुमच्या शाळिग्रामाला छिद्र असेल तर विजेरी लावून आत बघा. ज्याला आपण चक्र म्हणतो त्या कवचाच्या वळ्या. बाहेरच्या अंगाला आडव्या उठावदार रेघा दिसतील, त्या कवचाच्या फासळ्या. कधी कधी आत सोनेरी चमक असते, ती पायराइटची, म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजाची.

साधारण १४-१५ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. भारताचा तुकडा उत्तरेला सरकत आशियाला भिडला, मधला समुद्र मिटला आणि त्याचा तळ वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडकसुद्धा समुद्राच्या तळाचाच चुनखडक आहे, ॲमोनाइटपेक्षाही जुन्या जीवांचे तुकडे असलेला.

पूजेला चालतो की नाही हे मी कोण सांगणार? तीन-चार पिढ्या चाललाय.

दादर_टीटी · ८:३५

सुमनकाकू, काही बिघडत नाही. उलट एवढा जुना नवरदेव दुसऱ्या कुणाकडे नसेल.

सुमन_सदाशिव · ९:५०

विजेरी लावून पाहिलं. वळ्या दिसल्या. इतकी वर्षं आंघोळ घालते, आत कधी पाहिलंच नव्हतं. नातवाला फोन केला.

ऋग्वेद_बाणेर · १०:२०

ॲमोनाइट संपले कधी?

खडकवासी · १०:४५

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. पक्षी सोडून बाकीच्या डायनासोरांबरोबर. म्हणजे सिंहगडाचा दगड ओतला जात होता त्या सुमारासच.

तर्कट · ११:००

मग आपल्या लाव्हानेच मारलं म्हणायचं? शाळेत तर उल्का शिकवली.

खडकवासी · ११:४०

उल्का पडली हे नक्की. मेक्सिकोत युकातानला चिक्शुलूब विवर आहे, १८० किलोमीटरच्या आसपास व्यासाचं, आणि त्या वेळच्या थरात जगभर इरिडियम वाढलेलं सापडतं. इरिडियम हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, उल्कांत मात्र जास्त असतो. त्याच वेळी दख्खनचा लाव्हा गंधक आणि कार्बन डायऑक्साइड ओकत होता. बहुतेक संशोधक मुख्य फटका उल्केचाच मानतात. लाव्हाने आधी किती दमवलं होतं यावर वाद आहे. माझं मत विचाराल तर आपल्याकडे लाव्हाला जरा जास्तच श्रेय द्यायची हौस आहे, घरचा आहे म्हणून. पण अंडी घालणारे डायनासोर लाव्हा सुरू झाल्यावरही भारतात होते. उद्रेकांच्या मधल्या थरांत त्यांचे अवशेष मिळालेत.

मीरा_औंध · दुपारी १२:१५

मी वनस्पतिशास्त्रवाली, थोडी भर घालते. लोकांना जीवाश्म म्हटलं की प्राणी आठवतो, पण हवा कशी होती हे पान जास्त नीट सांगतं. पानाच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रं असतात. हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर असला की झाडाला कमी रंध्रं पुरतात. चांगल्या जपलेल्या जीवाश्म पानाची बाहेरची त्वचा अलगद सोडवून रंध्रं मोजता येतात, आणि त्यावरून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हवेचा अंदाज बांधतात.

आणखी एक. पुण्यात दिवा लागतो त्यातली काही वीज चंद्रपूरच्या कोळशाची. तो कोळसा पर्मियन काळातल्या, म्हणजे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतला, ग्लोसोप्टेरिस या झाडाचा त्यात मोठा वाटा. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध शीर, दोन्हीकडे जाळीदार शिरा. (सईताई, पान असं दिसतं!) हेच पान दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकात मिळतं. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परत येताना १९१२ मध्ये गोठून गेले, त्यांच्या स्लेजवर सुमारे १६ किलो दगड होते आणि त्यात हे पान होतं. मरायला टेकलेल्या माणसांनी ते ओझं टाकलं नाही. हे सगळे भूभाग एके काळी जोडलेले होते याचा तो सज्जड पुरावा ठरला.

वऱ्हाडी_ठेचा · १२:३०

चंद्रपूर पुन्हा! धन्यवाद ताई.

सई_कर्वेनगर · सायंकाळी ६:०५

सगळ्यांचे खूप आभार. मुलाला बसवून सगळा धागा वाचून दाखवला. सगळ्यात जास्त शेणावर खूश आहे. पुण्यात त्याला प्रत्यक्ष काही दाखवता येईल का?

मीरा_औंध · ६:४०

येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे, आधी फोन करून वेळ विचारा. तिथल्या लोकांनी गोदावरी, मांजरा, घोड या नद्यांच्या काठच्या अलीकडच्या, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांवर बरंच काम केलंय. महाराष्ट्रात शहामृग होते हे मुलाला सांगा. चाळीसगावजवळ पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला तुकडा मिळालाय, २५ हजार वर्षांच्या आसपासचा. लाव्हाच्या मानाने हे कालचंच.

ऋग्वेद_बाणेर · ७:०२

आणि तिकीट न काढता बघायचं असेल तर फरश्या बघा. पिवळा जैसलमेरी दगड हा ज्युरासिक समुद्रातला चुनखडक आहे, हॉटेलांच्या आणि मॉलच्या जमिनीत शिंपल्यांचे काप दिसतात. आयात केलेल्या संगमरवरातही शोधा. आमच्या ऑफिसच्या लिफ्टसमोर एक ॲमोनाइट आडवा कापलेला आहे, लोक त्यावर उभे राहून मोबाइल बघतात.

खडकवासी · ७:३०

शहाबादीत मात्र शोधू नका. तो दगड कवचवाले प्राणी यायच्या आधीचा आहे.

सई_कर्वेनगर · रात्री ९:१०

मुलाचा शेवटचा प्रश्न, मग झोपतो म्हणतोय: लाव्हा यायच्या आधी पुण्याच्या जागी डायनासोर होते का?

खडकवासी · १०:१५

हुशार आहे. जिवंत डायनासोर फिरत असतील याला काहीच हरकत नाही. जबलपूर, बालासिनोर, पिसदुरा सगळीकडे होते, इथे येऊ नयेत असं कारण नाही. पण पुरावा मिळायला लाव्हाच्या तळाशी त्या काळचा गाळ हवा. १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेचा अभ्यास सुरूच राहिला, आणि गेल्या काही वर्षांत तिथे खोल भोकं पाडली. ठिकाणाप्रमाणे कमीजास्त, पण ढोबळमानाने किलोमीटरभर बेसॉल्ट गेल्यावर खाली थेट ग्रॅनाइट लागला. मध्ये गाळ नाहीच. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर भोक पाडलं तिथे बेसॉल्ट ३४० मीटरच्या आसपास संपला आणि त्याखाली पातळसा का होईना, गाळाचा थर होता. म्हणजे कुठे उघडा खडक होता, कुठे पाणी साचत होतं. उघड्या ग्रॅनाइटवर प्राणी मेला तर ऊन-पावसात हाडं संपून जातात.

त्याला सांगा, पुण्याखाली कुणी इतकं खोल भोक पाडलं आणि गाळाचे गाभे (भोकातून निघणारे दांड्यासारखे तुकडे) वर आले, तर ते आधी चाळणीतून धुवायचे. हाड एखाददुसरं, दात मात्र पुष्कळ निघतात.

सई_कर्वेनगर · १०:२२

झोपला नाहीये. चाळणी कितीची लागते विचारतोय.

खडकवासी · १०:३०

एक मिलिमीटरची एक, अर्ध्याची एक. रव्याची आणि मैद्याची चालते.